शाळेखालची जमीन

७ सप्टेंबर १९३७, मंगळवार

नव्या इमारतीत पहिला दिवस! भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास आहे. पोरं दारातच बूट काढून हातात घेऊन चालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तिसरीतली वीडा प्रॅट दिवसभर नळाशी. बटण दाबायचं, पाणी उसळलं की हसायचं. तिच्या घरी पाणी पिंपातून येतं. जुन्या पत्र्याच्या शाळेत हिवाळ्यात दौतीतली शाई गोठायची. इथे भिंतीला गरम पाण्याच्या नळ्या आहेत, आतमध्ये संडास आहेत, खेळायला लाकडी फरशीचा मोठा हॉल आहे. आमच्या गावात! अजून खरं वाटत नाही.

माझ्या वर्गाच्या खिडक्यांवरची दगडी कमान माझ्या भावाने, डेल्बर्टने बसवली आहे. खाणी बंद होत्या तेव्हा दीड वर्ष तो इथेच सरकारी कामावर होता. आता खाण सुरू झाली आणि स्वारी परत खाली. घरी आल्या आल्या विचारतो, ‘‘ताई, माझी खिडकी कशी आहे?’’ मी म्हटलं, ‘‘धूळ बसलीय. ये पुसायला.’’

भाषणं लांबली. खाणीचे मोठे साहेब क्लेबर्न शाळा समितीचेही अध्यक्ष आहेत. म्हणाले, ‘‘पैसा वॉशिंग्टनचा, घाम तुमचा, आणि जागा आमच्या कंपनीची — फुकट दिली!’’ टाळ्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या छातीत दगडाची धूळ भरली आहे, हात हलवले तरी खोकला येतो. म्हणून असेल.

९ सप्टेंबर

नकाशा टांगला. मेपलची पानं गोळा करून खिडकीत लावली. फार बरं वाटतंय.

२१ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी शाईत वर्तुळं उठली. सगळ्यांच्या दौतींत, एकाच वेळी. आवाज नाही, धक्का नाही. पायांच्या तळव्यांना काहीतरी कळलं, इतकंच. माझ्या वर्गातला रॉस्को म्हणाला, ‘‘बाई, खाली कुणीतरी दार आपटलं.’’ पोरं हसली. मीही हसले.

खाली तळघर नाहीये.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्गाचं दार अडकलं. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे आत कोंडले गेलो. शेवटी शिपाई खांदा मारून आत आला. म्हणाला, नवं लाकूड आहे, फुगतं. महिनाभर पाऊस नाही. फुगेल कशाने?

दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग निघाली आहे. रॉस्कोला ती माझ्याआधी दिसली होती! तो रोज तिच्यात पेन्सिलीचं टोक घालून बघतो. आज टोक आत गेलं.

१७ ऑक्टोबर, रविवार

चर्चहून आलो. मी मक्याचा कॉर्नब्रेड कापत होते. डेल्बर्ट जेवेना. एरवी बीन्सचं भांडं खरवडून खाणारा माणूस. बाबा झोपायला गेले तेव्हा म्हणाला, ‘‘ताई, तुझ्या वर्गात दुपारी हादरतं का?’’

मी सुरीच खाली ठेवली.

‘‘तुला कसं ठाऊक?’’

‘‘कारण तो सुरुंग आम्ही लावतो.’’

मग सगळं बाहेर आलं. शाळेच्या बरोबर खाली जुनी खाण आहे. पहिल्या वेळी लोकांनी जस्त काढताना मधे मधे दगडाचे जाड खांब सोडले होते, वरचा भार पेलायला. त्या खांबांतही माल आहे, आणि चांगला आहे. जस्ताचा भाव चढला. म्हणून कंपनी आता ते खांब काढते आहे. सगळे नाही — एकाआड एक. साहेब म्हणतात उरलेले पुरतात.

‘‘पण जागा तर शाळेला दिली ना त्यांनी?’’

‘‘वरची दिली. खालची कुणी दिली?’’ हसायला गेला, पण तोंड वेडंवाकडं झालं. ‘‘वर कमान मी बसवली, ताई. आणि तिच्या खालचा खांब मीच फोडतोय. खाली उभं राहिलं की वाटतं, आत्ता तू वर पाढे घेत असशील.’’

मी म्हटलं सोडून दे नोकरी. तो नुसता बाबांच्या खोलीकडे बघत राहिला. आतून खोकला येत होता.

‘‘माझं नाव घेऊ नकोस,’’ म्हणाला.

१९ ऑक्टोबर

हॅस्कलसरांकडे गेले. मुख्याध्यापक म्हणून माणूस वाईट नाही, पण घाबरट. भेग दाखवली, दार दाखवलं. खालच्या कामाबद्दल ऐकलंय एवढंच सांगितलं. सर खिडकीपाशी गेले, खाणीतून काढलेल्या खडीच्या पांढऱ्या ढिगांकडे बघत म्हणाले, ‘‘टिंडलबाई, ही शाळा मिळवायला मी चार वर्षं अर्ज केले. तुम्हाला हिच्यातच खोट दिसावी?’’

मग हळूच: ‘‘तुमचा भाऊ खाली काम करतो ना?’’

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? की न बोलण्यातूनच कळलं त्यांना?

२८ ऑक्टोबर, गुरुवार

सरकारी इंजिनिअर आले. सरांनीच बोलावलं — म्हणजे अगदीच दगड नाहीत! तरुण गृहस्थ, नीट काम करणारे. सगळ्या भिंतींना ओळंबा लावला, पाया उकरून पाहिला. मुलांना दुर्बिणीतून बघू दिलं. जाताना मला म्हणाले, ‘‘बाई, इतकं चोख बांधकाम मी या जिल्ह्यात पाहिलं नाही. शंभर वर्षं उभं राहील.’’

‘‘आणि खाली?’’

‘‘खालचं आमच्याकडे येत नाही.’’ टोपी घातली. मग पायरीवर थांबले. ‘‘माझी मुलगी इथे असती तर —’’ म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून गाडीत बसले.

३ नोव्हेंबर

भेगेत आता रॉस्कोची आख्खी पेन्सिल मावते.

९ नोव्हेंबर, मंगळवार

समितीची सभा. मी उभी राहिले. म्हटलं, शाळेखालचं काम थांबवा, नाहीतर मुलांना दुसरीकडे बसवा.

क्लेबर्न चिडले नाहीत. तेच वाईट. खुर्ची मागे सारून शांतपणे म्हणाले, ‘‘बाईंना मुलांची काळजी वाटते, हे कौतुकाचं आहे. पण खाण म्हटली की जमीन थोडी कुरकुरतेच. त्याला भिऊन काम थांबवायचं म्हटलं तर खाण बंद करावी लागेल. करू? तुम्हीच सांगा.’’ आणि सभेकडे पाहिलं.

पहिल्या उठल्या डग्गरबाई! त्यांच्या दोन मुली शाळेत आहेत. ‘‘तुझं काय गं जातंय? तुझा पगार शाळा देते. आमची चूल खाणीवर पेटते. दोन हिवाळे सलगमावर काढलेत आम्ही. परत काढायचे?’’

कुणीतरी मागून ओरडलं, ‘‘लग्न कर आणि घरी बस!’’ हशा पिकला. माझं लग्न झालं असतं तर त्यांनी कधीच काढून टाकलं असतं नोकरीवरून. तेही हसणाऱ्यांना ठाऊक होतं.

डेल्बर्ट मागच्या भिंतीला टेकून उभा होता. टोपी हातात पिळत.

सोबतच घरी आलो. दारात म्हणाला, ‘‘उद्यापासून अजून एक खांब. सभेच्या आधीच ठरलं होतं.’’

१५ नोव्हेंबर, सोमवार

केलं शेवटी.

दुपारी शाई थरथरली आणि छतातून चुन्याचा तुकडा वीडाच्या वहीवर पडला. नाण्याएवढा असेल. ती रडली नाही. फुंकर मारून बाजूला केला आणि पुढे लिहायला लागली. जणू हे रोजचंच! तिला सवय झाली होती.

‘‘उठा,’’ म्हटलं. ‘‘कोट घाला. रांगेत.’’

सर जिन्यात आडवे आले. ‘‘टिंडलबाई, परवानगी —’’ मी त्यांच्या बाजूने मुलांना नेलं. मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात बाकांवर बसवलं आणि सातचा पाढा घेतला. पाळकसाहेबांनी न विचारता शेगडी पेटवली. देव त्यांचं भलं करो.

१६ नोव्हेंबर

मला कामावरून दूर केलं. माझा वर्ग परत शाळेत, चौथीच्या बाईंकडे. एकाच खोलीत आता दोन वर्ग — म्हणजे वजन दुप्पट. कुणाच्या डोक्यात आलं नाही हे?

दुकानात डग्गरबाईंनी माझ्याकडे पाठ केली. बाबांनी मात्र आज टेबलाशी बसून जेवण केलं, माझ्यासमोर. कितीतरी दिवसांनी. भाकरीला लोणी लावून तुकडा माझ्या ताटात ठेवला.

२२ नोव्हेंबर

मी रोज शाळा सुटायच्या वेळी समोरच्या रस्त्यावर उभी राहते. सगळे बाहेर आले की घरी जाते. लोक म्हणतात टिंडलबाईचं डोकं फिरलं. फिरू दे.

२८ नोव्हेंबर, रविवार

चर्च सुटताना आवाज आला. मेघगर्जना जमिनीतून यावी तसा. सगळे पळत गेलो.

शाळेच्या मैदानात झोपाळे होते तिथे भोक. विहिरीएवढं रुंद. झोपाळ्याचा एक पाय काठावर, दुसरा हवेत, आणि साखळ्या आपोआप हलत होत्या. कुणीतरी दगड टाकला. आम्ही वाट पाहिली. आवाज आला, पण इतक्या उशिरा की बायकांनी तोंडावर हात घेतले.

डग्गरबाई खाली मातीतच बसल्या. काल शनिवारी त्यांच्या दोघी त्याच झोपाळ्यांवर होत्या.

३० नोव्हेंबर

एकही मूल शाळेत गेलं नाही! आयांनीच पाठवली नाहीत. दुपारी क्लेबर्न स्वतः घरी आले, टोपी काढून. दारातच म्हणाले, ‘‘बाई, तुमचं बरोबर होतं. शाळा रिकामी करतोय. वर्ग चर्चमध्ये आणि गावच्या मंडळाच्या हॉलमध्ये. तुम्ही सोमवारपासून या.’’ बाबांशी हात मिळवला. मी वाद घालायची तयारी करून ठेवली होती. तो वाद मनातच राहिला. इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं.

डेल्बर्टने मला उचलून गरकन फिरवलं. ‘‘माझी ताई! अख्ख्या कंपनीला नमवलं!’’ चहा सांडला. बाबा खोकेपर्यंत हसले.

६ डिसेंबर, सोमवार

चर्चच्या तळघरात वर्ग. अंधार आहे, शेगडी धुरते, फळा नाही. वीडा म्हणाली, ‘‘बाई, इथे शाई हलत नाही.’’ तिने दौत हातात धरून, मुद्दाम वाट बघून पाहिलं होतं.

येताना शाळेवरून आले. खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. डेल्बर्टची कमान फळ्यांच्या वर तशीच सुंदर दिसते. वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. पण झोप लागते आता.

१२ डिसेंबर, रविवार

जेवताना डेल्बर्ट मजेत होता. म्हणाला, नवं काम लागलं. दिवसपाळी, आणि माल असा की लोण्यासारखा सुटतो.

‘‘कुठे?’’

‘‘शाळेखालीच.’’

मला वाटलं चुकून ऐकलं. ‘‘ते तर थांबलं ना?’’

‘‘थांबलं?’’ तो घास चावत राहिला. ‘‘ताई, ते मुलांसाठी हळू चाललं होतं. आता वर कोण आहे? साहेब म्हणाले, शाळा रिकामी आहे, मग माल कशाला ठेवायचा? उरलेले सगळे खांब काढून बाहेर यायचं.’’

बाबांचा चमचा थांबला.

म्हणून क्लेबर्न इतक्या लवकर कबूल झाले! म्हणून टोपी काढली! मी डेल्बर्टचा हात धरला. जाऊ नकोस म्हटलं. रडले, ओरडले. तो हात सोडवून घेईना, सोडवू शकला असता तरी. म्हणाला, ‘‘अगं, वर पोरं होती तेव्हा घण उचलताना हात कापायचे माझे. आता काय? आम्हीच आहोत.’’

‘‘तुम्ही कोणीच नाही का?’’

तो उठला. बाबांना पांघरूण देऊन आला आणि बूट चुलीजवळ वाळत ठेवले.

१४ डिसेंबर

कंपनीच्या कचेरीत गेले. क्लेबर्नसाहेब भेटत नाहीत. कारकून म्हणाला, ‘‘बाई, मुलं तर सुरक्षित आहेत. आता तुमची तक्रार काय?’’ मग सरांनाही गाठलं. सर खरंच रडवेले झाले, पण करणार काय? डग्गरबाईंचा नवराही त्याच पाळीला आहे. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘पुरुषमाणसं आहेत. त्यांना कळतं कधी पळायचं ते.’’

१७ डिसेंबर

नाताळच्या गाण्यांची तालीम. मुलांचे आवाज तळघरात फार गोड घुमतात. मला सूर लागत नाही.

२१ डिसेंबर, मंगळवार

शाळा गेली. काल दुपारी, तालीम चालू असताना. पूर्वेची सगळी बाजू, हॉल, कमानी — खाली.

मुलं चर्चमध्ये होती. मी दोनदा हजेरी घेतली. एकालाही खरचटलं नाही. रस्त्यात आया माझे हात धरून रडत होत्या, देवाने तुम्हाला पाठवलं म्हणत होत्या.

डग्गरबाई त्यांच्यात नव्हत्या. त्या खाणीच्या फाटकाशी उभ्या होत्या, दिवसपाळी वर यायची वाट बघत. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.