तीन ओळींच्या बातमीची किंमत

माझ्या धाकट्या बहिणीविषयी छापून आलेल्या तीन ओळींच्या बातमीची खरी किंमत अशी: पोलिसांचा शोध चौथ्या दिवशी थांबला, आईने अंथरूण धरले ते शेवटपर्यंत सोडले नाही, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत दिलेला बहिणीचा एकुलता एक चांगला फोटो परत आला नाही. हे आधी लिहितो, कारण पुढची वाटणी यावरच बेतली आहे.

मी, वय अडुसष्ट, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करून वर आलेला माणूस, कुणाच्या धाकाने नव्हे, आपखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. "हट्टीपणावर मात्र माझ्याकडे औषध नाही," असेही त्या म्हणाल्या. कानांना दाखला नको. रेडिओ कुठे बिघडला हे मी झाकण न उघडता सांगतो, आणि एकदा ऐकलेला आवाज जन्मात विसरत नाही.

१. दुकान आणि सगळी हत्यारे मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. जावईबापूंना माझी खुर्ची. बसण्याचा त्यांना दांडगा सराव आहे.

२. राहते घर निम्मे मुलीचे, निम्मे बहिणीचे. ती सव्वीस वर्षे बेपत्ता आहे; तेवढ्यावरून तिला मृत धरू नये, तिचा हिस्सा विकू नये. त्या सकाळी ती काडीला दोरा बांधलेला जुना चष्मा लावून कामावर गेली. चांगला चष्मा दुरुस्तीला टाकला होता, संध्याकाळी आणणार होती. पळून जाणारी बाई असे करते का? हे एकाही वार्ताहराने विचारले नाही. छापले काय, तर "ती कोणाबरोबर तरी गेली असावी, असे जवळच्या नातेवाइकाने सांगितले." झाले! पोलीस म्हणाले, "घरचेच असं म्हणतायत, मग आम्ही काय शोधायचं?"

३. हा नातेवाईक कोण, हे विचारत मी त्या कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घातले. दाद लागली नाही, तेव्हा थोरल्या मामांवर संशय घेतला. बोलणे तोडले, ते वारले तरी गेलो नाही. त्यांचे माझ्याकडे राहिलेले घड्याळ मामेभावाला द्यावे आणि माझ्या वतीने माफी मागावी. मामा निर्दोष होते.

४. यंत्र दुरुस्त झाले की दुकानात चाललेले बोलणे त्यावर भरून घ्यायचे आणि गिऱ्हाईकाला ऐकवायचे, ही माझी रीत. मागच्या महिन्यात, याच कागदासाठी खोकी आवरताना, बहीण गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची टेप हाती लागली. शेजारच्या शिंप्याला बसवून लावली. गिऱ्हाईक विचारते, "बहिणीचं काही कळलं का हो?" उत्तर येते, "जाते कुठं! गेली असेल कुणाबरोबर तरी मजेत. येईल चार दिवसांत माझ्याशी भांडायला!" आणि दोघे हसतात.

उत्तर देणारा मी होतो. टेपवरच्या चिठ्ठीत, माझ्याच अक्षरात, यंत्राचा मालक लिहिला आहे: त्या वर्तमानपत्राची कचेरी. न्यायला आलेला माणूस मी शिपाई समजलो. गिऱ्हाईकाला हसते ठेवायच्या सवयीने बोललो आणि विसरून गेलो.

पण शिपाई नव्हे, वार्ताहर असलेल्या त्या माणसाने "मजेत" गाळले, "भांडायला" गाळले, हसणे गाळले, आणि खरे काय ते विचारायला पुन्हा आला नाही. माझी चूक मी कबूल करतो. त्याची त्याने करावी.

५. मुलीने ही टेप आणि चष्मा दुरुस्तीला टाकल्याची पावती पोलिसांना देऊन शोध पुन्हा सुरू करायला लावावा. थांबू नये. माझे वाक्य, माझ्या नावासह, त्याच वर्तमानपत्रात एकही शब्द न गाळता छापून आणावे. बातमी म्हणून घेत नसतील, तर माझ्या शिलकीतून जाहिरात द्यावी.

ठिकाण: दुकानामागची खोली. दिनांक: नऊ मार्च.
सही: माझी, दोनदा केलेली, पहिली वाकडी आली.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई.

साक्षीदार: शेजारचा शिंपी. टेप ऐकताना "कोण रे हा गाढव?" असे मी विचारले, तेव्हा "अरे, तूच की," असे यानेच मला सांगितले.