दोन डॉक्टर, एक पोर

प्रिय दादू,

पत्राला फारच उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसलो की आधी शिव्याच सुचतात, मग कागद फाडतो. फोनवर तू ‘सगळं बरं ना’ विचारतोस आणि उत्तराआधीच ठेवून देतोस, म्हणून शेवटी लिहितोय.

तुझी छोटी परवा आपली आपण कुशीवर वळली. दीड वर्षाच्या पोरीचं यात कसलं कौतुक, असं शेजारीण म्हणाली. तिच्याशी मी बोलणं टाकलंय. छातीवरच्या टाक्यांना काचू नये म्हणून झबली मी पुढून उघडी शिवतो, बटणांऐवजी नाड्या लावून. सुईत दोरा मात्र सूनबाई ओवून देते.

माझं डोकं फिरतं ते एकाच गोष्टीनं. रजा वाचावी म्हणून तुम्ही वाटणी केलीत. हृदयाच्या डॉक्टरांकडे सूनबाई, मेंदूच्या डॉक्टरांकडे तू. बाजारहाट आहे का हा? ती ऐकून आली की छिद्र बुजलं, झडपेचं काम तेवढं राहिलंय, पोर जगेल. तू ऐकून आलास की चालेल की नाही सांगता येत नाही, बोलेल का तेही नाही. ती हसत घरात शिरली आणि तू बूट न काढता बसून राहिलास. तिला तू दगड वाटलास, तुला ती वेडी. खरं दोघंही बोलत होतात, पण अर्ध्याच पोरीबद्दल. आणि तू बदली मागून मोकळा झालास.

माझी शाळा कमी, मला कोण समजावणार? पुढे काय होईल विचारलं, तर हृदयवाले मेंदूवाल्यांकडे बोट दाखवतात, मेंदूवाले हृदयवाल्यांकडे. मधल्या जिन्यात माझे गुडघे कामातून गेले.

आता खरं कारण. छोटीला पुन्हा झटके आलेत. हृदयवाले म्हणतात, झडपेचं ऑपरेशन आताच करू. मेंदूवाले म्हणतात, थांबा. सूनबाईनं भांडून दोघांना महिनाअखेरच्या सोमवारी एका खोलीत बसायला लावलंय. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाली, “बाबा, तुम्ही याच. पण तो नसला तर मी मला हवं तेवढंच ऐकून येईन.” तू गेल्यापासून तुझा विषय तिनं पहिल्यांदा काढला. तू ये. येणार नसशील तर तसं कळव, पण लवकर कळव. ती काही विचारत नाही, फोन वाजला की मात्र हातातलं टाकून धावते.

तुझाच,
बाबा