आखाडा हा शोषखड्डा नसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणलोट व पर्जन्यजल कक्ष, कोल्हापूर.

विषय : चिंचबन तालमीच्या आखाड्यात सोडलेले पावसाचे पाणी अन्यत्र मुरविण्याबाबत (तातडीचे, उद्या सकाळच्या आत).
संदर्भ : आपण तालमीच्या दारावर लावलेला फलक.

महोदय,

मी आकाराम सरनाईक, मंगळवार पेठेतील चिंचबन तालमीचा वस्ताद. इमारतीच्या छपराचे पाणी गल्लीत न सोडता जागच्या जागी मुरवावे, हा आपला नियम आम्हांस मान्य आहे. गल्लीचा सगळा उतार आमच्याकडे असल्याने तो तुमच्याआधी आम्हांला पटलेला आहे.

१) गेल्या मे महिन्यात आम्ही सारे हुपरीला एका पैलवानाच्या लग्नात जेवत असताना, शेजारच्या नव्या इमारतीसाठी आपले कनिष्ठ अभियंता श्री. यशराज पाहणीस आले. आमचा आखाडा त्यांना रस्त्याहून खोल आणि भुसभुशीत दिसला. त्यांनी बादलीभर पाणी ओतले, ते मुरले, आणि ‘उत्कृष्ट शोषखड्डा’ अशी नोंद झाली. आम्ही परत येईतो त्या इमारतीचा पाइप भिंतीतून आत आला होता. सरकारी काम इतक्या झपाट्याने होते, हे आम्ही प्रथमच पाहिले.

२) फलकावर ‘आत उतरण्यास मनाई’ असे लिहिले आहे. त्यामुळे पैलवान सध्या काठावर बैठका मारतात.

३) पाइप काढा म्हणावे, तर समोरच्या तानाबाईंच्या घरात यंदा प्रथमच पाणी शिरले नाही. त्या म्हणाल्या, “वस्ताद, कुस्त्या न्हाईत तर न्हाईत, म्हसरं तरी डुंबू द्या की हितं!” म्हातारीच्या अंथरुणाखाली पुन्हा पाणी जावे, असे मला वाटत नाही.

४) परंतु आमच्या सुहानाची (अल्लाउद्दीन मिस्त्रींची नात) दिवाळीनंतर जयसिंगपूरच्या मैदानात पहिली मोठी कुस्ती आहे, तीही मातीतली. पोरगी रोज येते आणि पाण्याकडे बघत बसते. मला ते बघवत नाही.

५) म्हणून पाण्यातून वाचलेली माती घमेल्यांनी उपसून मी माझ्या घरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, पसरली व तिथे सराव सुरू केला. माझी थोरली बहीण आक्का “चुलीपुरती तरी जागा ठेव की रं!” एवढेच म्हणाली.

६) काल आपले कर्मचारी पुराचे पंचनामे करत आले. सोप्यातली माती पाहून त्यांनी माझे घर ‘पूरबाधित, गाळ साचलेला’ असे लिहून घेतले. उद्या सकाळी गाळ उपसायला पथक येणार आहे. आम्ही ‘गाळ नाही’ म्हटले, तर “काका, लाजू नका” म्हणाले.

साहेब, त्या मातीत माझ्या आज्यापासूनचे तेल, ताक, हळद आणि घाम आहे. ती डंपरमध्ये गेली, तर पुन्हा मिळायची नाही.

तरी पथक थांबवावे. तालमीमागच्या परड्यात नियमाप्रमाणे शोषखड्डा आखून द्यावा व पाइप तिकडे वळवावा. म्हणजे तानाबाईही कोरड्या राहतील. खणायला आमचे पैलवान आहेत, त्यांना तसेही काम नाही.

उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ नसल्याने उद्या उजाडताच सुहाना माझ्या दारात शड्डू ठोकून उभी राहील. पथकाला तेवढी कल्पना द्यावी.

आपला नम्र व तूर्त बिनआखाड्याचा,
आकाराम बापू सरनाईक
दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) फलकाचा फोटो.
२) सोप्यातील माती, एक पुडी. कृपया हुंगून पाहावी. गाळाला ताकाचा वास येत नाही.