पिठाचे ठिपके

मुलुंड (प.)
२ फेब्रुवारी २०२५

चि. नमितास,
प्रेमाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाचवीत असताना बाईंनी आत्याला पत्र लिहायचा गृहपाठ दिला आणि तो तुझा अजून संपला नाही, याचं तुझ्या काकांना नवल वाटतं. मी म्हटलं, आम्हा बायकांचं बोलणं तुमच्या फोनवर व्हायचं कसं? गिरणीच्या घरघरीत स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की दळणाच्या रांगेतल्या सगळ्या बायका उत्तर द्यायला तयार.

तुमच्या संस्थेची तपासणीची गाडी आमच्या मैदानात आली तेव्हा तुला मनातून शिव्या घातल्या होत्या, हे आता सांगते. एकोणपन्नास वर्षांच्या बाईने, काही दुखतखुपत नसताना, छातीचा फोटो कशाला काढायचा? त्यात तुझा फोन, की नंबर लागला, आहेस तशी ये. गिरणीतून तशीच निघाले. केसांत पीठ, पदरात पीठ. गाडीतल्या त्या मुलीने दोन फळ्यांमध्ये असं काही दाबलं की मला पापडाचं यंत्र आठवलं. श्वास धरा म्हणाली. मी तो घरापासूनच धरला होता.

पण रिपोर्ट आला आणि तू फोनवर सांगितलंस की शून्य, म्हणजे काही नाही. रांगेत टाळ्या वाजल्या गो! गणितात शून्य मिळालं तेव्हा तुझ्या आजोबांनी मला अंगणात उभं केलं होतं. या शून्याचे मात्र ह्यांनी पेढे वाटले. येईल त्याला सांगतात की आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट पोर, तिने स्वतः रिपोर्ट वाचला.

दादा-वहिनीला नमस्कार सांग. या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका किती ते कळव, मार्क मात्र कापू नकोस.

लोभ आहेच, तो कुठे जातो!
तुझी
प्रेमाआत्या


दहिसर (पू.)
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. प्रेमाआत्या हिस,
नमिताचा सा. नमस्कार. वि. वि.

परवा मी फोन केला होता. तू काय गो म्हणून विचारलंस, आणि तुझ्यामागे कोणीतरी बाजरी बारीक दळा म्हणून ओरडत होतं. मी काकांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. मला गुडघ्याचं विचारायचं नव्हतं. जे सांगायचं होतं ते लिहिते.

तुझा रिपोर्ट मी चुकीचा वाचला.

शुक्रवारी अंधेरीच्या ऑफिसात बसून मी शिबिराची नोंदवही भरत होते. तुझ्या नावापुढे शून्य लिहिलं आणि शेजारी ‘ठीक’ म्हणून खूण केली. आमच्या जान्हवी सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून पेनच काढून घेतलं. म्हणाल्या, या आकड्यांत ठीक म्हणजे एक किंवा दोन. शून्य म्हणजे तपासणी पुरी झालेली नाही, या फोटोवरून काही ठरवता येत नाही, बाईला परत बोलवा. परत बोलवायची यादी मीच करते, आत्या. तुझं नाव त्यात नव्हतं, कारण मीच ते गाळलं होतं.

आकड्याखाली एक ओळ होती. उजव्या बाजूला बारीक पांढरे ठिपके दिसतात, आणखी फोटो काढण्याची गरज आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी ती वाचलीच नाही. आकडा पाहिला आणि आनंदाने तुला फोन लावला. आपल्या घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. मी सांगते ते सगळे ऐकतात, कुणी उलटून विचारत नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

त्या दिवशी वाचलेले बाकीचे सहा रिपोर्ट मी सिस्टरांसमोर बसून पुन्हा वाचले, खालच्या ओळींसकट. शून्य फक्त तुझ्यावर आहे.

सिस्टर म्हणतात की परत बोलावलेल्या बहुतेक बायकांच्या तपासणीत काही निघत नाही. पण पाहिल्याशिवाय ते कुणाला सांगता येत नाही. तू लवकर ये. मी बरोबर येईन.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.
तुझी
नमिता


मुलुंड (प.)
१४ फेब्रुवारी २०२५

चि. नमितास अ. आ.

रडत बसली असशील तर आधी नाक पूस. राग नाही.

पण डोक्याने जरा विचार कर बाय. गाडीच्या दारावरच पाटी होती की पावडर लावून येऊ नका, फोटोत ठिपके दिसतात. आणि मी कुठून गेले होते? गिरणीतून! सकाळपासून गहू आणि तांदूळ दळून. ते ठिपके म्हणजे पीठ. तुझ्या सिस्टरना सांग, तेवीस वर्षं माझ्या अंगावर पीठच आहे, हवं तर भाकरी थापून बघा.

दुसरं असं की आता जमणार नाही. होळीची दळणं येतील, मग तिखट-हळदीचे दिवस, मग पापड, कुरडया, भाजण्या. ह्यांच्या गुडघ्यामुळे गिरणीच्या पट्ट्याकडे मीच बघते. मे झाला की निवांत येते. तू लवकर म्हणतेस, तर पाऊस लागायच्या आत दाखवू.

आणि ह्यांना काही बोलू नकोस. पेढे वाटून झालेत. आता कुठल्या तोंडाने सांगायचं की ते शून्य तसं नव्हे, असं आहे? रांगेतल्या बायका मला बिचारी म्हणायला लागल्या तर मी गिरणीत उभी राहू शकणार नाही. सासूबाई अशाच गेल्या, तुला ठाऊक नाही. गाठ पदराखाली झाकून दोन वर्षं जात्यावर बसल्या होत्या. मरेपर्यंत त्या गाठीचं नाव कुणी घेतलं नाही. त्यानंतर आमच्या घरात तो विषयच नाही.

आशीर्वाद.
प्रेमाआत्या


दहिसर (पू.)
१९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. प्रेमाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आता मी सगळंच तीनदा वाचते.

सिस्टरांना पिठाचं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अंगावर काही लागलेलं असेल तर फोटोत दिसूही शकतं, म्हणून तर स्वच्छ पुसून पुन्हा काढायचा. पीठ असेल तर ते पुसलं जाईल. आत्या, तू म्हणतेस ते खरं असावं असं मला तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. ते खरं ठरलं तर माझी चूक नुसती चेष्टेची होईल, जन्मभर तू मला तिच्यावरून चिडवशील, आणि मी ते आनंदाने ऐकेन. पण ते मे महिन्यात कळून काय उपयोग?

कॉलेजात मी स्त्री-आरोग्यावर निबंध लिहिला होता. बक्षीस मिळालं होतं. बायका अज्ञानामुळे तपासणी टाळतात असं वाक्य त्यात होतं. तू अज्ञानी नाहीस. तुझ्या सासूबाईंचं वाचलं आणि मला त्या वाक्याची लाज वाटली. पण त्यांना आकडा मिळालाच नव्हता. कुणी फोटो काढला नाही, कुणी परत या म्हणून लिहिलं नाही. तुला लिहिलं होतं. मध्ये मी आले.

२७ तारखेला, गुरुवारी, सकाळी दहाची वेळ घेतली आहे. गुरुवारी गिरणी बंद असते. हॉस्पिटलचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मी साडेनऊला दाराशी उभी असेन. तू आली नाहीस तर त्याच दिवशी मुलुंडला येईन आणि काकांना सगळं सांगेन. ही धमकी आहे.

लोभाचं नंतर बघू. आधी ये.
नमिता


मुलुंड (प.)
१३ मार्च २०२५

चि. नमितास अ. आ.

बाहेर होळीची लाकडं रचताहेत आणि मी पिठाच्या पोत्यावर बसून लिहिते आहे.

तुझ्या धमकीला घाबरून आले असं समजू नकोस. आदल्या दिवशी, बुधवारी, मी रिपोर्ट काढला आणि ती खालची ओळ स्वतः लावून पाहिली. पुष्कळसे शब्द डोक्यावरून गेले. पण पहिलाच शब्द ‘नीड’. सातवीत तो पाठ केला होता. नीड म्हणजे गरज. कुणाला तरी माझी गरज आहे, एवढं मला त्या कागदातून कळलं, म्हणून आले. तू दाराशी उभी होतीस. माझ्यापेक्षा तूच पांढरी पडली होतीस.

त्या दिवशी तुला सांगितलं नाही ते आता सांगते. पहाटे दोनदा डोक्यावरून अंघोळ केली. शिकेकाई, मग साबण, मग पुन्हा साबण. तिथे त्या मुलीने ओल्या कापसाने पुसलं. मी म्हटलं, आणखी पूस, राहिलं असेल. तिने बिचारीने तिसऱ्यांदा पुसलं. मग तो दाबून मोठा करून काढायचा फोटो. ती पडद्याकडे बघत होती आणि मी तिच्या तोंडाकडे. तेवढ्यावरून मला कळलं. ठिपके तिथेच होते. पीठ नव्हतं गो.

४ तारखेला सुई घालून नमुना काढला तेव्हा तुला ऑफिसातून सुट्टी नव्हती. शेजारची सगुणा आली होती. मासळीची पाटी जावेकडे देऊन आली. टेबलावर पालथी पडून मी एकशे बावीसपर्यंत आकडे मोजले. बाहेर आल्यावर सगुणाने एकच विचारलं की भूक लागली का. मग आम्ही दोघींनी मिसळ खाल्ली. ह्यांना अजून काही ठाऊक नाही. दुखलं की पाठ धरली आहे म्हणते.

काल रिपोर्ट आणला. सोबत पाठवते. पाकीट फोडलेलं नाही, पट्टी तशीच आहे बघ. तिथल्या माणसाने डॉक्टरांना सोमवारी दाखवा म्हणून सांगितलं. सगुणा म्हणाली, चौथ्या मजल्यावरच्या मुलाला दाखवू, त्याला इंग्रजी येतं. मी नको म्हटलं. आमच्या घरातले कागद नमिता वाचते.

तेव्हा तूच वाच. या वेळी शेवटपर्यंत.

लोभ आहे म्हणूनच पाठवते.
प्रेमाआत्या


दहिसर (पू.)
१६ मार्च २०२५, रविवार

ती. सौ. प्रेमाआत्या हिस,
नमिताचा सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. घेऊन येते आहे. तू बाकावर बसून हे वाचशील तेव्हा मी समोर उभी असेन. गिरणी चालू असेल, माझं बोलणं तुला ऐकू येणार नाही, म्हणून लिहून आणलं आहे.

पाकीट काल दुपारी मिळालं. मी एकटीने आधी वाचलं. मग सिस्टरांच्या घरी घाटकोपरला गेले आणि त्यांच्यासमोर प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. त्यांनी मी वाचलेलं बरोबर आहे असं सांगितल्यावरच लिहायला बसले.

ते ठिपके कॅन्सरचे आहेत.

आता थांबू नकोस, पुढचं वाच. मी एकदा आकड्यावर थांबले होते, तसं करू नकोस. तो दुधाच्या नळीच्या आतच आहे. नळीच्या बाहेर आल्याचं या नमुन्यात दिसलेलं नाही. हाताला गाठ लागत नाही ती यामुळेच, म्हणून तुला काही कळलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, यापेक्षा आधी तो कुणालाच सापडत नाही. ऑपरेशन करावं लागेल. किती आणि कसं, ते उद्या डॉक्टर सांगतील. तू बरी होशील असं सिस्टरांना वाटतं. हे कागदात लिहिलेलं नाही, त्यांचं म्हणणं आहे. कागदातलं आणि बोलण्यातलं मी वेगवेगळं सांगते आहे, कारण मागच्या वेळी मी त्याचीच भेसळ केली होती.

उद्याची सुट्टी मी मागून घेतली आहे. गिरणीचा पट्टा कसा चढवतात ते काकांकडून शिकेन. सुट्टीच्या दिवशी भाजण्या मी दळेन, बिघडल्या तर रांगेतल्या बायकांच्या शिव्या खाईन.

एकच मागणं आहे. वाचून झालं की काकांना गिरणी बंद करायला सांग. तुझ्या सासूबाईंपासूनचं सगळं त्यांना ओरडून नव्हे, हळू बोलून सांगायचं आहे. बायका कुरकुरतील, कुरकुरू देत. त्यांनी ऐकलं तरी चालेल. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरात अर्धवट वाचलेला कागद असेल.

लोभ उरला आहे की नाही, ते आज तुझ्याच तोंडून ऐकेन.
तुझी
नमिता

ता. क. शेवटी डॉक्टरांची सही आहे. तिच्याखाली काही नाही. कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी आहे.