ओट्याचं माप

आप्पा,

आज सकाळी गवंडी आला, चहा प्यायला आणि काम न करताच परत गेला. त्याला बोलावलं होतं आपल्या वडगावच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा फोडून बुटका करायला. हे घर तुम्ही बांधलंत, त्याच्या भिंती सरळ, स्लॅब कधी गळला नाही, दार आजही एका बोटानं लागतं. पण ओटा पार आईच्या छातीला. वास्तुशांतीच्या दिवशी ती पहिल्यांदा भाकरी थापायला उभी राहिली, तर तिचे हात खांद्याच्या वर जायला लागले. जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पुढच्या सुट्टीला तुम्ही रेल्वेच्या नोकरीवरून, दौंडहून येताना मोटरसायकलच्या मागं बांधून बाभळीचा एक जाडजूड पाट घेऊन आलात. तेव्हापासून आई त्या पाटावर चढून भाकरी करते, पीठ घ्यायला उतरते, परत चढते. आता तिचे गुडघे कुरकुर करतात, म्हणून गवंडी.

आधीच सांगून टाकते, हे पत्र मी तुमच्याशी भांडायला काढलं होतं. ओटा तर निमित्त, खरं भांडण तुमच्या एका वाक्याशी. लहानपणीची गोष्ट. दौंडच्या रेल्वे क्वार्टरपुढं मी दिवाळीची रांगोळी काढतेय. निम्मा मोर झालाय, पिसारा व्हायचाय. तुम्ही यार्डातून गाड्या तपासून येताय, कपड्यांना तेलाचा वास. मी ओरडते, आप्पा, बघा ना! तुम्ही न थांबता म्हणता, "पुरं झाल्याव दाखव, बाई. अर्धी जोडलेली गाडी आमी यार्डातनं सोडत न्हाई." रागावला नव्हतात, दमला होतात, हे आज कळतं. पण वाक्य जे रुतलं ते रुतलंच. पुढं निबंध असो, कॉलेजचं प्रोजेक्ट असो, शेवटचं टिंब दिल्याशिवाय मी कुणाला काही दाखवलं नाही. तुमचा जावईसुद्धा सगळं ठरल्यावरच तुमच्यापुढं उभा केला, आठवतंय ना?

आणि नशीब बघा, नोकरी लागली ती अशा ठिकाणी, जिथं अर्धं दाखवणं हाच नियम. सॉफ्टवेअर करायच्या या रीतीला अजाइल म्हणतात. तुम्हाला समजेल असं सांगते. सगळा इमला उभा करून मग वास्तुशांत घालायची नाही. दोन आठवड्यांत त्यातलं थोडंसं, पण चालणारं काहीतरी करायचं, ते ज्याला वापरायचंय त्याच्यापुढं ठेवायचं, तो नाक मुरडेल ते ऐकून घ्यायचं आणि पुढचे दोन आठवडे त्याप्रमाणं ठरवायचे. शिवाय रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्या सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. बसू देत नाहीत, कारण बसलं की माणूस भाषण ठोकतो. मला यातलं सगळं जमायचं, 'कुठं अडलंय' तेवढं सोडून. मी रोज हसून म्हणायचे, कुठंच नाही, आणि अडलेलं तसंच घेऊन घरी यायचे.

यंदा शिरूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्यांदाच टीम माझी, त्यामुळं बिघडलं तर खापर माझ्यावरच फुटणार होतं. दाखवायची तारीख मी काही ना काही सबब सांगून पुढं ढकलत राहिले. शेवटी साहेबांनीच दटावलं, आहे तसं घेऊन जा. गेले. सकाळची वेळ, किटल्यांची रांग, फरशी ओली. केंद्र चालवणारे मामा चष्मा पुसून स्क्रीनकडं बघतायत आणि मी त्यांच्या बाजूला उभी.

"ताई, ह्ये काय खरं न्हाई," मामा म्हणाले. "ह्या आकड्यांच्या गर्दीत फॅट कुठं हाय? मानूस दूध वतलं की आदी फॅट बघतोय, मग दर. बाकीचं ऱ्हाऊ द्या मागं."

माझं डोकं फिरलं. "मामा, सगळं एकाच ठिकाणी दिसलं पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होता!"

"म्हनलो आसंल की. पर तवा बघितलं कुठं हुतं?"

रांगेतली माणसं हसली, मग मीही हसले. काय करणार? मामा खोटं बोलत नव्हते आणि मीही चुकीचं ऐकलं नव्हतं. फॅटचा आकडा मोठा करून वर आणायला फार वेळ लागला नाही, पण सगळं बांधून झाल्यावर गेले असते तर निम्मं पाडावं लागलं असतं. परत येताना गाडीत मी चक्क गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्याउभ्या मी सांगितलं, माझं इथं अडलंय. टीममधला एक पोरगा म्हणाला, मॅडम, मी बघतो. संपलं, आप्पा! एवढंच होतं ते. इतकी वर्षं कशाला घाबरत होते देव जाणे.

तर या पत्रात मी तुम्हाला ठणकावून सांगणार होते की अर्धी गाडी सोडता येते, उलट अर्धीच सोडावी. आणि ओट्याचंही तसंच. चार विटांवर फळी ठेवून आईला आधी उभं केलं असतंत तर? ऑफिसात नवीन कुणी आलं की मी तुमचीच गोष्ट सांगते, एका माणसानं बायकोला न विचारता ओटा बांधला. सगळे हसतात.

भांडणाचा पहिला खर्डा काल इथपर्यंत लिहून झाला आणि, पुरा व्हायच्या आतच, मी तो आईला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. ओट्यापाशी आले तशी तिची बोटं थांबली.

"त्येनी इचारलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"क्वार्टरमदी सुतळी घिऊन माप घ्याया आलं हुतं. मीच म्हनले, रेल्वेच्या सायबाच्या बंगल्यात हाय तेवढा उंच पायजे. सायबाची बायको ताडमाड उंच, ह्ये ध्यानातच आलं न्हाई. तवा आपला स्टो जमिनीवर. उभ्यानं सैपाक म्या कवा केला हुता?"

"मग मला सांगितलं का नाहीस? मी आप्पांना किती टोचून बोलायचे!"

"म्या म्हनत हुते त्यास्नी, पोरीला सांगा. तर म्हनले, ऱ्हाऊ दे. ती माज्यावं चिडली तर मी च्या पिऊन इसरतो. तुज्यावं चिडली तर तुला जेवान जायचं न्हाई."

मी तिच्यासोबत मेथी निवडायला लागले. मी टोमणा मारला की तुम्ही बशीत फुंकर घालत "व्हय, चुकलं" म्हणायचात, दर वेळी तेच, अगदी तुम्ही जाईपर्यंत. मला वाटायचं, तुम्हाला काही वाटतच नाही. काल रडू आलं, पण ते बरं वाटणारं रडू होतं. तुम्ही विचारलं होतंत, आप्पा. सुतळी घेऊन, वाकून. चूक तुमचीही नव्हती आणि आईचीही नाही, तिनं तरी तेव्हा कुठं बघितलं होतं? पुढच्या सोमवारी ऑफिसात गोष्ट दुरुस्त करून सांगेन.

गवंडी घमेलं घेऊन दारात आला तेव्हा आईनंच त्याला अडवलं. "च्या घे आन् जा. आदी करून बघू दे." आता स्वयंपाकघरात विटांवर टेबल मांडलंय. आई त्यावर भाकरी थापते, जरा थांबते, म्हणते एक थर काढ. मी काढते. मग म्हणते, नको, हुता तसाच ठिव. मी ठेवते. दोघी हसतो. पाट कोपऱ्यात उभा आहे.

पत्राचं काय करायचं कळत नाही. जे भांडण घेऊन बसले होते ते उरलं नाही, आणि त्याच्या जागी जे लिहायला हवं ते मला अजून नीट येत नाही. पुरं झाल्यावर दाखव, म्हणाला होतात. हे काही पुरं होईलसं वाटत नाही, आप्पा. असंच बघा.