मागच्या भिंतीशी बसलेले आजोबा

विश्रांतवाडी, २ मार्च २०२५

ति. कचरूदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. चौदा एप्रिलला मैदानावर चार-पाच हजार माणसांसमोर आमच्या विहारातली बावीस मुलं तुझ्या गायनपार्टीचं जुनं गीत म्हणणार आहेत. परवा नुसत्या पालकांसमोर उभी केली, तर मुख्य गाणाऱ्या अपेक्षाच्या तोंडून शब्द फुटेना. नऊ वर्षांची आहे. तिचं पाहून बाकीचीही गप्प. आता ती विहाराच्या दारापर्यंत येते आणि परत जाते. तुम्ही वीस वर्षं गावोगाव गायलात. भीती कशी घालवायचात, ते लिही.

माया अशीच राहू दे.
धाकटी, हिरा


मांजरी, ७ मार्च

चि. हिरास अनेक आशीर्वाद.

भीती माझी कधी गेलीच नाही. मी फक्त गर्दीकडे बघायचं सोडलं. ज्याच्यापर्यंत गाणं पोचणं अवघड, असा एकच माणूस निवडायचा. लांब बसलेला, पेंगणारा. त्याच्यासाठी गायचं. मुलांना असा एक माणूस दे.

इकडे ठीक. धम्मदीप आणि सूनबाई सकाळीच कामाला जातात. संध्याकाळी जेवताना दोघं बोलतात, हसतात. मीही हसतो, कशाला, ते माहीत नसतं. चार वर्षांपूर्वी कान गेले, तेव्हाच गाणं सोडलं आणि पेटी माळ्यावर टाकली. बहिऱ्याला गाण्यातलं विचारणारी तू एकटीच उरलीस.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
कचरू


विश्रांतवाडी, ११ मार्च

ति. दादास,
सप्रेम जयभीम.

माणूस सापडला. तूच. दर रविवारी चार वाजता धम्मदीप तुला आणून सोडेल. मी त्याला सांगितलं आहे, तेव्हा कारणं शोधू नकोस. मुलांना म्हटलं, मागच्या भिंतीशी एक आजोबा बसतील. त्यांना काही ऐकू येत नाही. तुमच्या ओठांवर शब्द दिसला तरच ते हात वर करतील. अपेक्षाने दारातूनच विचारलं, चुकलं तरी त्यांना कळणार नाही ना. मी नाही म्हटल्यावर आत येऊन बसली.

वाट पाहते.
हिरा


मांजरी, १६ एप्रिल

चि. हिरास आशीर्वाद.

परवा तुला गर्दीने घेरलं होतं, म्हणून न भेटता निघालो. मंचावर अपेक्षाने ओठ घट्ट मिटले. मी पहिल्या रांगेत उठून उभा राहिलो. मागचे ओरडले असतील, मला काय. तिने मला पाहिलं आणि पहिला शब्द उच्चारला. वर केलेला हात मी शेवटपर्यंत खाली आणला नाही. मग मागे वळलो, तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेवढ्या माणसांत मला फार एकटं वाटलं, हिरा. सगळ्यांनी ऐकलं, मी नुसतं पाहिलं. कसं झालं, ते लिही. खरं लिही.

तुझा,
कचरू


विश्रांतवाडी, २१ एप्रिल

ति. दादास,
सप्रेम जयभीम.

खरं लिहिते. पहिल्या कडव्यात लय पळाली, दुसऱ्यात तीन मुलं सुरातून घसरली. शेवटी मात्र अपेक्षाने ओळ उंच नेली, क्षणभर तिथेच थांबली आणि अलगद खाली आणली. ते मी शिकवलेलं नव्हतं. मला तशी जागा घेता येत नाही. विचारलं, तर म्हणाली, मागचे आजोबा असंच म्हणतात.

दादा, पाचही रविवार तू भिंतीशी बसून मोठ्याने गात होतास. तुला कळत नव्हतं. मुलं हसायला लागली, तेव्हा मीच त्यांना खुणेने गप्प केलं. तुला सांगितलं असतं, तर तू थांबला असतास. चार वर्षांनी तुझा आवाज माझ्या कानावर पडत होता.

कार्यक्रम झाला, आता मुलं येत नाहीत. संध्याकाळी विहारात मी एकटीच सतरंजी घालून बसते. येत्या रविवारी ये. ऐकायला मी असेन.

तुझी,
हिरा