रमूसाठी जागा

११ जानेवारी १९९९, सोमवार
ड्यूटीला निघणार तेवढ्यात न्हाणीतून हाक. रमूला आंघोळ घालताना शोभा खाली बसली ती उठेचना. दोघी ओल्याचिंब. रमू हसत होती, तिला वाटलं आई खेळतेय. आधी पोरीला बाहेर काढलं, मग बायकोला. डेपोत फोन, रजा.
दवाखान्यात कमरेचा फोटो काढला. मणका सरकलाय. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, अजिबात.
शोभा म्हणाली, "मग पोरीला कोण, तुम्ही येणार उचलाय?"
डॉक्टरांनी कमरेचा पट्टा लिहून दिला. 
रमू चौदाची. धरलं तर चालते. बोलत नाही. भरवणं, धुणं-पुसणं सगळं शो.च करते. आता पाळीही सुरू झाली. मी कंडक्टर, पहाटे बाहेर, दिवे लागल्यावर घरात.

२४ जानेवारी, रवि.
आई वारणानगरहून, भावाकडून आली. शो. पडून आहे तोवर राहील. पण तिचे गुडघे तिच्याहून म्हातारे. आज विषय काढला, की मतिमंद मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्था असतात. कायमच्या.
आई : "पोटची पोर टाकाय निघालाईस?"
"टाकाय न्हवं, ठेवाय."
"येकच की रं."
  शो. भिंतीकडं तोंड करून झोपली होती. झोपली नव्हती.

७ फेब्रुवारी, रवि.
सांगलीकडची संस्था पाहिली. छान इमारत, भिंतीवर चित्रं. साहेब म्हणाले, स्वतःचं स्वतः करणारी मुलंच घेतो.
म्हटलं, "साहेब, स्वतःचं स्वतः केलं असतं तर मी आलो असतो कशाला?"
हसले बिचारे. चहा पाजला. येताना जयसिंगपूर स्टँडवर भडंग घेतलं, शो.ला आवडतं म्हणून. तिनं पुडीकडं बघितलं आणि ओळखलं. "न्हाय म्हणाले न्हवं?"

२० फेब्रुवारी
लांब गेलतो, पुण्याच्याही पुढं, दुसरी संस्था बघायला. शो. पट्टा बांधून आली, ऐकेना. इथं मात्र घ्यायला तयार. फॉर्मसुद्धा पुढं सरकवला. सगळं स्वच्छ, फिनेलचा वास. आवाज नाही. तीस पोरं आणि आवाज नाही. मागच्या खोलीत एका मुलीचा पाय ओढणीनं कॉटला बांधलेला. तिथल्या बाई म्हणाल्या, पळते ती.
शो. खाली वाकली, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हटलेलं, आणि गाठ सोडली. ती मुलगी पळाली नाही. शो.चा पदर धरून उभी राहिली.
गाडीत कोल्हापूर येईपर्यंत शो. एकच वाक्य बोलली. "मी मरंस्तोवर उचलीन."

३ मार्च, बुध.
आजरा ट्रिप. गडहिंग्लजला एक बाई चढली, सोबत रमूएवढी मुलगी. मान एका बाजूला, तोंडातून लाळ, गळ्यात लाळेरं. पण केस कसे विंचरलेले! दोन वेण्या, रिबिनी.
"कुठं?"
"आजऱ्याच्या अलीकडं फाटा हाय, तितं. अक्काकडं सोडाय चाललोय. सुट्टी संपली."
"कसली सुट्टी?"
"आमची. घरी नेल्यालं चार दिस." आणि हसली.
फाट्यावर उतरल्यावर मुलगी पुढं आणि आई मागं. मी बेल द्यायची विसरलो. ड्रायव्हर ओरडला, "पावणं, ऱ्हाताय का हितंच?"

१४ मार्च, रवि.
तिघं गेलो त्या फाट्यावरच्या अक्काकडं, रमूसारख्या मुलींना ठेवून घेतात त्या. कौलारू घर, मागं काजूची झाडं, पुढं बुटकी भिंत. पंधरा मुली. गोंगाट म्हणजे गोंगाट. एक थाळी वाजवतेय, एक गातेय, एक तिला रागावतेय. अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. साठीच्या, उंच. बोलणं सीमेकडचं, तासल्यासारखं.
पहिला प्रश्न : "दात कोण घासतं हिचं?"
शो. : "मी."
"ब्रश दिल्तास कधी हिच्या हातात?"
शो. भडकली. "चौदा वर्सं काढल्यात मी, अक्का. तुम्ही मला शिकवू नका."
अक्का म्हणाल्या, "तुला न्हवं बाई. हिला शिकवणार हाय." मग शो.च्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चौदा वर्सं येकटीनं! आमी हितं पाचजणी हाय, तरी सांजंला मोडतोय."
शो. तिथंच रडली, मोकळी, मोठ्यानं. सगळ्या मुली बघायला गोळा झाल्या. थाळीवालीनं थाळी वाजवली.
एक जागा आहे. सहा महिने बघायचं, मग पक्कं. पहिला महिना भेटायचं नाही. अक्का मला म्हणाल्या, "तू आदी येणार पळत. बापच येत्यात."

४ एप्रिल, रवि.
सोडली.

६ एप्रिल
घरात काय करायचं कळत नाही. शो.नं सवयीनं सकाळी दोनदा रमूचा भात मऊ केला. आई बोलत नाही माझ्याशी. ड्यूटी बदलून घेतली. जोडीदार विचारतो, आजरा लाईन कुणी मागून घेतो का, खड्डे किती! म्हटलं, हवा चांगली आहे.

९ एप्रिल, शुक्र.
फाट्यावर गाडी थांबली. भेटायचं नाही म्हणालेत, बघायचं नाही असं म्हणालेले नाहीत. बुटक्या भिंतीपाशी रमू उभी. भिंत धरून, एकटी! शेजारी तायव्वा, तिथली मावशी. रमूनं बघितलं ते गाडीकडं. माझ्याकडं नाही. डबल बेल दिली तेव्हा उडी मारल्यासारखी हलली आणि हसली.
मला ओळखलं नाही, की गाडी जास्त आवडली? काही का असेना. उभी होती.

१४ एप्रिल
जयंती. चौदा वर्षांत एकदाही आम्ही दोघं मिळून मिरवणुकीला गेलो नाही. एक घरी, एक बाहेर. आज दोघं. शो. पांढरी साडी नेसली, पट्टा वरून दिसत होता, तिला पर्वा नाही. बिंदू चौकात गर्दीत माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. मग म्हणाली, "आपल्याला मजा वाटतीया, हे बरं न्हवं की काय?"
म्हटलं, "वाटू दे की."
आइस्क्रीम खाल्लं. दोघांनी दोन दोन.

३ मे, सोम.
काल पहिली भेट झाली. रमू थोडी वाळली, गुडघ्यावर खरचटलंय. शो.नं लगेच विचारलं. अक्का : "पडली. चालणारं माणूस पडतं." रमूनं आईचा वास घेतला, मानेपाशी, नेहमी घेते तसा. मग बराच वेळ सोडेना. निघताना रडली. आम्ही फाट्यापर्यंत ऐकलं.
शो. रात्रभर आता परत घेऊन येऊ म्हणत होती. सकाळी नाही म्हणाली.

२० जून, रवि.
हे नीट लिहितो.
अक्काकडं जेवणाची वेळ. मुली ओळीनं बसलेल्या. शो.नं सवयीनं रमूचं ताट ओढलं, घास कालवला, तोंडापाशी नेला. रमूनं तोंड मिटलं. शो.चं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. स्वतःचा हात ताटात घातला. अर्धा भात मांडीवर, थोडा नाकाला, पण बराचसा तोंडात. शेवटपर्यंत. मग ताट उलटं करून बघितलं, अजून आहे का.
शो. घास हातात धरून बसलेली. तो तिनं स्वतः खाल्ला.
गाडीत म्हणाली, "अहो, मला कधी सुचलंच न्हाय. तिच्या हातात द्यावं."
म्हटलं, सांडेल म्हणून आपण...
"सांडलं असतं. पुसलं असतं."
मग खिडकीबाहेर बघत राहिली. रडतेय वाटलं. बघतो तर हसत होती. दोन्ही असेल.

११ जुलै
आई परत भावाकडं गेलीय; वारणानगरला जाऊन तिला सगळं सांगितलं. जेवते, भिंत धरून फिरते, ब्रश चावते पण धरते. आई ऐकत होती, शेंगा सोलत. म्हणाली, "आणि मला इचारती का?"
"आई, ती बोलत न्हाई."
"ते हाय मला ठावं. पर इचारती का?"
काय सांगणार? व्हय म्हणालो. तिनं शेंगदाण्याचे लाडू करून दिले. रमू धरून सोळा मुली सांगितलं तर मोजून बत्तीस.

१५ ऑगस्ट, रवि.
शो.ची कंबर बरीच बरी. शेजारणीसोबत शिवणक्लास लावलाय. चेहरा भरलाय. आज भांडलो मात्र. मी म्हटलं, आता तुला बरं आहे, मी पण दोन-तीन वर्षांत ऑफिसची ड्यूटी मागेन, आणूया परत. शो. म्हणाली, "आणून काय करणार? परत भरवणार?"
मला लागलं. तिला पण, बोलल्यावर. जेवताना माझ्या ताटात मासा जास्त वाढला. समेट.

५ सप्टेंबर, रवि.
अक्कांनी आज विचारलं, सहा महिने होत आले, काय ठरलं? पक्कं करायचं तर पुढच्या महिन्यात कळवा, मागं तीन पोरी थांबल्यात. शो. माझ्याकडं, मी शो.कडं. अक्का म्हणाल्या, "मला आत्ता नगं. घरी जाऊन भांडा."
रमू तायव्वासोबत काजूच्या झाडाखाली पानं गोळा करत होती. म्हणजे तायव्वा गोळा करायची आणि रमू उधळायची. दोघी खूश. आम्ही निघतो म्हणालो. रमूनं शो.च्या मानेचा वास घेतला, मग माझ्या शर्टाचा, आणि परत पानांकडं गेली. आज रडली नाही.
परतीच्या गाडीत आम्ही पॅसेंजर. दोन सीटच्या बाकावर. गडहिंग्लज गेल्यावर शो. म्हणाली,
"दिवाळीला आणायची न्हवं घरी?"
"आणू की."
"किती दिवस?"
"चार."
शो.नं बोटांवर चार मोजले. मग म्हणाली, "आणि पाचव्या दिवशी ती न्हाय म्हणाली तर? अक्काकडं परत जायाला?"
"आणि व्हय म्हणाली तर?"
शो.नं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. निपाणी येईपर्यंत दोघंही जागेच होतो.